यार परवागी?

कागद कन्नडमध्ये आहे.
मला अक्षर लागतं, अर्थ उशिरा लागतो,
म्हणून कल्लोळीमठ वकिलांनी खानापूरच्या कोर्टासमोर
चहा निवेपर्यंत तो मराठीत करून सांगितला:
जांबोटीकडची अडीच एकर काजूची टेकडी
विकावी, गहाण टाकावी, खंडानं द्यावी,
पैसे घ्यावे, पावती द्यावी, सही करावी,
जणू मी, भरमाण्णा सातेरी गुरव,
स्वतः तिथं उभा आहे.

खाली भरमाची सही, वास्कोच्या नोटरीचा शिक्का.
सही ओळीखाली घसरलेली,
डायलिसिसच्या हातानं केलेली.

तसा मी त्याचा मुखत्यार जुनाच.
तिसरीत तो मलप्रभेत मासे धरायला जायचा
आणि बिर्जे मास्तर नाव घ्यायचे तेव्हा
त्याचा घोगरा आवाज काढून मी म्हणायचो, हजर.
एकदा पकडलो गेलो.
नाव त्याचं, छडी माझ्या हातावर.
वकील हसले. म्हणाले, कायदा साधारण असाच आहे.
दिलेल्या हद्दीत वागलास तर केलेलं त्याचं,
हद्द ओलांडलीस तर तुझं तू निस्तर.

हद्द हा शब्द आमच्याकडं जपून वापरतात.
आमच्या वतीनं किती जण बोलून गेले,
त्यांना मुखत्यारपत्र कोणी लिहून दिलं होतं
ते अजून सापडलेलं नाही.

मी विचारलं, आणि फणसाचं काय?
बांधावरचा, त्याच्या आईनं लावलेला?
कागदात फणस नाही.
रात्री फोनवर भरमा म्हणाला होता,
मष्णू, विकूलालास ना रे?
आणि लगेच, थांब जरा, काजू तेवढे पडू देत.
यातलं कुठलं वाक्य धरायचं, तेही कागदात नाही.

फाईल बांधताना वकिलांनी एक सांगितलं,
सुटे पैसे परत द्यावे तसं सहज:
हा कागद त्याच्या श्वासावर चालतो.
तो गेला की अधिकार गेला.
फक्त तुला कळेपर्यंत
तू मुखत्यारच.

मंगळवार. सब-रजिस्ट्रार ऑफिस. टोकन एकतीस.
लोंढ्याचं गिऱ्हाईक नव्या शर्टात, बॅग मांडीवर.
खिडकीतल्या बाईनं विचारलं, यार परवागी?
कोणाच्या वतीनं, एवढंच.
मला ऐकू आलं परवानगी.
कॅमेरा नोड्री, ती म्हणाली.
बघितलं. पडद्यावर माझं तोंड,
खाली भरमाचं नाव.
अंगठा काचेवर टेकणार
तोच खिशातला फोन थरथरला.
वास्को. भरमाच्या मेव्हण्याचा नंबर.
हा माणूस दिवाळीलाही फोन करत नाही.

उचलला नाही तोवर भरमा आहे.
उचलला नाही तोवर मी भरमा आहे.
दवाखान्याचे पैसे त्या बॅगेत आहेत
आणि ते आता कोणाला लागणार नाहीत
हे मला अजून कायद्यानं माहीत नाही.
अंगठा काचेपासून सुपारीएवढा वर.
गिऱ्हाईक म्हणालं, टेकवा की हो.
बाई म्हणाली, हेळ्री, यार परवागी?
घशात तो घोगरा आवाज तयार होता,
एक शब्द, तिसरीतला.

मी हात मागं घेतला.
तळव्यावर उगाच फुंकर मारली.

टोकन बत्तीस.

झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बसून
परत लावला तर एंगेज.
मेव्हणा आणखी कोणाला तरी सांगत असणार.
गिऱ्हाईक तावातावानं समोरून गेलं, विसाराचे वीस हजार मागत.
ते माझ्याच अंगावर आले, बरोबरच आहे.

बाराव्यानंतर टेकडीवर गेलो.
काजू पडून नुसते कुजूलालेले,
फणसाला सात.
वेचले तेवढे वेचले, एक पोतं झालं,
आणि पोत्यावर खडूनं
भरमाचंच नाव घातलं,
मराठीत एकदा, कन्नडात एकदा.
एवढा अधिकार
जिवंतपणीही कागदात नव्हता.